लग्न आपले, गळा भाड्याचा

गेल्या जानेवारीत आमच्या गावातील एका लग्नाच्या स्वागतसमारंभास मी गेलो होतो. उपवासकाळ लागण्यापूर्वी वसई परिसरात लग्नांची जी घाई उडते, त्या घाईतीलच ते एक लग्न. मैदानावर मांडव, मांडवाच्या एका टोकाला रंगमंच आणि रंगमंचाच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या काळ्या पेट्यांची भिंत. त्या भिंतीपासून आठ-दहा पावलांवर, मानाच्या पहिल्या रांगेत, नवरीची आजी बसली होती. वय चौऱ्याऐंशी, अंगावर ठेवणीतले लाल लुगडे आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

ही आजी आमच्या आळीत सर्वांना परिचित आहे. चाळीस वर्षे आळीतील एकही लग्न तिच्या गाण्यावाचून उभे राहिले नसेल. मांडवाचा पहिला खांब रोवण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत कोणत्या घडीला कोणते गाणे, हे तिला पाठ. कुणाच्या मामाचे नाव कोणत्या ओळीत घ्यायचे, विहिणीला कुठवर चिमटा काढायचा आणि कुठे थांबायचे, ह्याचा निवाडा तिच्याकडे. त्या रात्री तिच्या सख्ख्या नातीच्या लग्नात तिच्या वाट्याला आला तो कापूस.

रात्री साडेनऊच्या सुमारास डीजेने ‘आता आपले पारंपरिक’ अशी घोषणा करून आपल्याच एका जुन्या लग्नगीताचे यंत्रात घोटलेले रूप लावले. तरुण मंडळींनी एकच गिल्ला केला. कुणीतरी आजीला हात धरून उभे केले, चार जणांनी मोबाईल समोर धरले. आजी हसली, दोन पावले हलली आणि खाली बसली. मग माझा कान आपल्या तोंडाजवळ ओढून तिने विचारले, ही मुले कशावर नाचताहेत? आयुष्यभर जे गाणे तिने म्हटले, ते तिला ओळखू आले नव्हते.

हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहितो आहे. माझ्या लिखाणाने काही घरांत नाराजी होईल, याची मला जाणीव आहे. ज्या घरचे हे लग्न, तेही हे त्रैमासिक घेतात. पण आपल्या समाजात लग्नाची चर्चा नेहमी खर्चावर येऊन थांबते. जेवणाची ताटे किती, दारू किती, पत्रिकेचा कागद कसला, ह्यावर आपण ठराव केले, भाषणे ऐकली आणि ती विसरूनही गेलो. माझे म्हणणे खर्चाविषयी नाही. लग्नात आवाज कोणाचा असावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. वाजंत्री आणि नाच ह्यांना नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. तसे करायला आपल्या धर्मग्रंथाचा आधारही नाही. येशूने आपल्या पिढीची तुलना बाजारात बसलेल्या मुलांशी केली, ती मुले सवंगड्यांना म्हणतात की आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत. लग्नाचा खेळ खेळणारी ती मुले प्रभूने पाहिली असली पाहिजेत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेतावरून येतो, तेव्हा घराजवळ त्याच्या कानी पडते ते वादन आणि नृत्य. बापाच्या आनंदाची खूण म्हणून प्रभूने त्याच गोष्टी निवडल्या. रुसून बाहेर उभा राहिला तो न नाचणारा. तेव्हा वाद्यांवर बंदी घाला, धर्मग्रामाने परिपत्रक काढा, असे जे दरवर्षी कुणी ना कुणी सुचवतात, त्यांच्या पंक्तीला मला बसवू नये.

मग माझी तक्रार काय? ती सांगण्यासाठी मला आधी मांडवातून चर्चमध्ये जावे लागेल.

दहाव्या पायसने २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी आपला प्रसिद्ध आदेश काढला. चर्चमध्ये नाटकी ढंगाचे गायन शिरले होते, गायक-गायिकांचे कौतुक ऐकायला लोक मिस्सेला येऊ लागले होते. पोपमहाशयांनी ते थोपवले. पियानो, ढोल, झांजा आणि तत्सम वाद्यांना देवळात मज्जाव केला, बँडला तर सक्त मनाई केली. त्याच आदेशात लोकांनी पुन्हा ग्रेगोरियन गायन म्हणावे, उपासनेत भाग घ्यावा, अशी इच्छाही आहे. पुढे साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीची घटना प्रसिद्ध केली आणि जमलेल्या लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक व सक्रिय सहभाग हे सगळ्या सुधारणेचे सूत्र ठरवले. ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे त्या परंपरेला मान द्यावा, असेही त्या घटनेत स्वतंत्रपणे सांगितले आहे. १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्रात तर आणखी स्पष्ट आहे: सबंध मंडळीने एकत्र गाण्याइतके सणाचे दुसरे काही नाही, असा त्याचा आशय.

आमच्या पिढीने हा पालट डोळ्यांनी पाहिला. लॅटिनमधली मिस्सा मूकपणे ऐकणारी आमची आईवडिलांची पिढी हातात मराठी गीतांचे पुस्तक घेऊन मोठ्याने गाऊ लागली. पेटी आली, तबला आला. खरे तर मराठीतून देवाचे गाणे आपल्याला नवे नव्हतेच. फादर थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि पुढची कित्येक दशके गोवा-कोकणच्या चर्चमधून ते श्रद्धेने वाचले-गायले गेले. तरीही उपासनेतील गळा लोकांच्या स्वाधीन झाला तो ह्या परिषदेनंतर.

आता आश्चर्य असे की, ज्या साठ वर्षांत चर्चमध्ये लोकांना गाणे परत मिळाले, त्याच साठ वर्षांत आपल्या मांडवात ते लोकांकडून काढून घेतले गेले. चर्चमध्ये आपण श्रोत्याचे गायक झालो आणि घरच्या अंगणात गायकाचे श्रोते. ह्याला कोणा परक्याला जबाबदार धरता येणार नाही. ही देवघेव आपण स्वतः, रोख पैसे मोजून केली.

मांडवात पूर्वी काय होते, हे तरुण वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कुपारी असोत, वाडवळ असोत वा कोळी, प्रत्येकाची बोली वेगळी, चाली वेगळ्या. पण बायकांच्या लग्नगीतांची रीत बहुतेक एकच. एक पुढे म्हणणारी आणि बाकीच्या झेलणाऱ्या. पुढे म्हणणारीने ओळ टाकायची, तिच्यात त्या घरच्या माणसाचे नाव गुंफायचे आणि झेलणारींनी ती उचलायची. गाणे तेच, पण नावे बदलली की ते त्या घराचे होऊन जाई. आत्याचे नाव राहिले तर आत्या रुसे, आणि मग तिच्यासाठी एक कडवे जागच्या जागी रचावे लागे. हे करमणुकीसाठी चाललेले नसे. पीठ मळायचे आहे, मांडवाला पाने बांधायची आहेत, नवरीला न्हाऊ घालायचे आहे. गाणे त्या कामाच्या अंगाने चाले. ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. तेथे गाणे आणि पाणी वेगळे काढता येत नाही. घुमट वाजवणारा पाव्हण्यांतलाच एखादा काका असे. मातीच्या मडक्यावर घोरपडीचे कातडे ताणलेले ते वाद्य, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपडीऐवजी शेळीच्या कातड्यावर आले. गोवा सरकारने २०१९ साली त्याला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. सरकारी मान मिळाला हे चांगलेच झाले. पण घुमटावर हात टाकणारा काका आता किती घरांत उरला आहे, हे वाचकांनी आपापल्या घरी मोजून पाहावे.

आणि बँड! बँड तरी आपला कुठला, तो साहेबाच्या आणि फिरंग्याच्या लष्करातून आला, असे काही अभ्यासू मित्र मला सुनावतात. त्यांना मी नम्रपणे सांगेन की परके-स्वकीय हा ह्या वादाचा मुद्दाच नाही. आपल्या बँडवाल्यांनी नवरीच्या स्वागताला पिढ्यान्पिढ्या जी सुरावट वाजवली, ती वागनर ह्या जर्मन संगीतकाराच्या ‘लोहेनग्रिन’ ह्या १८५० साली रंगमंचावर आलेल्या संगीतिकेतील आहे. गंमत अशी की, त्या नाटकात हे गीत नवरी वेदीकडे निघताना नाही, तर लग्न लागून गेल्यावर वधूवरांना शयनगृहाकडे नेताना म्हटले जाते, आणि तो संसार त्याच रात्री मोडतो. चर्चमधून बाहेर पडताना वाजते ती दुसरी सुरावट मेंडेल्सनने १८४२ साली शेक्सपिअरच्या एका नाटकासाठी रचली आणि १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात वाजल्यावर ती घरोघर गेली. म्हणून काय आमच्या क्लॅरिनेटवाल्याने ती वाजवू नये? त्याने ती इतक्या वेळा आणि इतक्या मनापासून वाजवली, की ती आता त्याच्या गावची झाली आहे. वाकलेल्या ट्रम्पेटवर, थोडी बेसूर, पण चालणाऱ्यांच्या पावलाकडे पाहत वाजवलेली. आजोबा दमले की बँड थांबे. कोणी पैसे ओवाळले की चाल बदले. चर्चच्या दाराशी आला की आपोआप गप्प होई.

माझ्या वडिलांची जमाखर्चाची एक वही माझ्याकडे आहे. १९७१ साली आत्याचे लग्न झाले, त्याचा हिशेब तिच्यात आहे. बँडच्या नावापुढे रक्कम आहेच, पण तिच्याखाली वडिलांच्या अक्षरात अशी नोंद आहे: माणसे नऊ, रात्रीचे जेवण पंक्तीत, सकाळी चहा-पाव, प्रत्येकास एक नारळ. ‘पंक्तीत’ ह्या शब्दाखाली रेघ आहे. ती रेघ कुणासाठी होती, हे वडिलांना विचारायचे राहून गेले. पण माझ्या समजुतीप्रमाणे ती आमच्या थोरल्या काकांसाठी असावी, कारण वाजवणाऱ्यांना मागच्या दाराशी जेवू घालण्याची रीत त्यांची होती. वाजंत्री आपल्या घरी आलेला माणूस आहे, हे सांगायला घरातही रेघ ओढावी लागत होती, एवढे त्यावरून कळते. त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देऊ इच्छीत नाही.

आता आजच्या मांडवात या. ‘पाहुण्यांची करमणूक’ असा एक स्वतंत्र रकाना लग्नाच्या कंत्राटात आला आहे. धुराच्या लोटातून वधूवरांचा प्रवेश, फवारणाऱ्या ठिणग्या, मग सूत्रसंचालकाचे विनोद. नवऱ्याच्या मावशीला रंगमंचावर बोलावून तोंडाने फुगा फोडायला लावायचा, नवरा-नवरीला डोळे बांधून काही करायला लावायचे, आणि हे सगळे मोठ्या पडद्यावर दाखवायचे. ह्यांत मुख्य गोष्ट ही की पाव्हण्याने काही करायचे नाही. त्याने खुर्चीवर बसायचे आणि सांगितले की टाळ्या वाजवायच्या. बोलायचीही सोय नाही. सहा-सहा वर्षांनी भेटलेले मामेभाऊ एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ‘बरा आहेस ना’ एवढे ओरडतात आणि जेवणाच्या टेबलाकडे वळतात. आपण त्यांना पत्रिका देऊन बोलावले ते कशासाठी? एकमेकांची तोंडे पाहण्यासाठी नव्हे, तर आपापसात दोन शब्द बोलण्यासाठी. ज्याला आपण करमणूक म्हणतो, ती पाव्हण्याच्या भेटीचा गळा दाबते आणि त्याबद्दल आपण पैसे देतो.

शरीराचाही विचार करावा. मोठ्या आवाजाविषयी तज्ज्ञांचा हिशेब सरळ आहे: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला उरतात ती अवघी पंधरा मिनिटे. पेट्यांच्या भिंतीजवळ आवाज शंभरावर जायला काही विशेष करावे लागत नाही, आणि आपण तेथे तान्ही मुले मांडीवर घेऊन तीन-तीन तास बसतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांतली मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ह्या नियमांना आपले बळ दिले. आपण काय करतो? दहा वाजले की यजमान एका माणसाला फाटकाशी उभा करतो आणि पोलिसांची गाडी आली की आत इशारा पोहोचतो. ज्या घरातून रविवारी शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे वाचन होते, त्याच घरचा हा पहारा! मांडवाच्या कुंपणापलीकडे दहावीची मुलगी अभ्यास करीत असते, एखादा आजारी पडून असतो. तो आपल्या धर्माचा असेल-नसेल, शेजारी मात्र आहेच.

माझ्या ह्या म्हणण्यावर तरुण मंडळींचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि त्यांतले काही मला मान्य आहेत. ते म्हणतात, आम्हांला नाचायचे आहे, आणि तुमच्या क्लॅरिनेटवर नाचता येत नाही. खरे आहे. नाचू द्यावे. पण मग नाचाची वेळ ठरवावी, आवाज बोलण्याच्या वर चढेल तो तासभर चढू द्यावा आणि बाकीचा वेळ माणसांना परत द्यावा. यंत्र वाईट नसते. त्याचा कान आपल्या हातात ठेवावा लागतो. ते म्हणतात, आम्हांला ती गाणी येत नाहीत. हेही खरे, आणि हा दोष त्यांचा नव्हे. आमच्या पिढीला ती बोली बोलायची लाज वाटली. शाळेत हसतील म्हणून आम्ही मुलांशी पुस्तकी मराठी बोललो, मग इंग्रजी. आईने गायलेले गाणे लेकीपर्यंत पोहोचले नाही, ते आमच्या गळ्यात अडकले.

एका आक्षेपाशी मात्र माझी तडजोड नाही. काही सुशिक्षित घरांतून अलीकडे असे ऐकतो की, परंपरेची तुम्हांला एवढी कळकळ असेल तर आम्ही लोकगीतांचे पथक बोलावतो. पंधरा मिनिटांचा ‘आयटम’. बायका लाल लुगडी नेसून रंगमंचावर येतात, ध्वनिमुद्रित साथीवर ओठ हलवतात, फोटो काढून निघून जातात. त्या गाण्यात नवरीच्या मामाचे नाव नसते. कसे असणार? पथक सकाळी एका लग्नात असते आणि संध्याकाळी दुसऱ्या. ह्या भगिनींच्या कष्टांविषयी मला आदर आहे, त्यांचा पोटापाण्याचा प्रश्नही मी समजतो. पण नवरीची आजी खाली कानांत कापूस घालून बसलेली असताना तिचेच गाणे वर भाड्याने म्हणवून घेणे, ह्याला मी परंपरेचे जतन म्हणणार नाही. ह्यापेक्षा डीजे प्रामाणिक. तो निदान आपण आजीचा वारस असल्याचे सांगत नाही.

हीच लागण आता लग्नाच्या मिस्सेलाही झाली आहे, म्हणून अधिक काळजी वाटते. धर्मग्रामाचा गायकवृंद, जो वर्षभर पहाटेच्या मिस्सेला आणि दफनविधीला फुकट गातो, तो लग्नाला नको असतो. त्याऐवजी मुंबईहून चार गायक, दोन गिटार आणि एक की-बोर्ड असा संच येतो. गातात सुंदर, ह्यात वाद नाही. पण त्यांची गीते कुणाला येत नाहीत, चाल उंच, भाषा बहुधा इंग्रजी. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी एखाद्या सिनेमातल्या प्रेमगीताची धून कानावर येते आणि मंडळी गोंधळून एकमेकांकडे पाहते. ‘हे आमच्या वडिलांस पवित्र कर’ असे मनात म्हणत रांगेत उभा असलेला माणूस त्या धुनेबरोबर भलत्याच चित्रपटगृहात जाऊन पोहोचतो. १९०३ साली दहाव्या पायसला जी नाटकी गायनाची चीड आली, ती आपण १२० वर्षांनंतर पुन्हा भाड्याने आणली. धर्मगुरूंनी वधूवरांशी पूर्वतयारीची बैठक घेताना वाचनांबरोबर गीतांचीही यादी मागून घ्यावी, आणि त्यांतली निम्मी तरी सर्वांना येणारी असावीत, असा आग्रह धरायला हरकत नाही. माझ्या माहितीच्या एका धर्मगुरूंनी तसे केले, तेव्हा यजमान दोन दिवस रागावले होते. लग्नाच्या दिवशी मात्र मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनीही तोंड उघडले.

वाजवणाऱ्यांचाही एक हिशेब आपल्याकडे थकलेला आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणावर घडलेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईत आले, क्लबांत आणि लग्नांत वाजवू लागले, आणि त्यांतलेच कित्येक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक मोठे नाव. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील नायकाला त्यांचे नाव मिळाले ते ह्याच गुरूच्या आठवणीने. शंकर-जयकिशनची गाणी वाद्यवृंदासाठी बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा हे दुसरे. आज डीजे जी जुनी गाणी लावतो, त्यांतल्या व्हायोलिनांच्या आणि ट्रम्पेटांच्या मागे आपलीच माणसे बसलेली आहेत. पुढे सिंथेसायझर आला, एका माणसाच्या दहा बोटांत पन्नास वादक मावले आणि ती माणसे घरी बसली. यंत्राला दोष देऊन काय उपयोग? पण लग्नाच्या मांडवात तरी माणूस वाजवील एवढी जागा आपण राखू शकलो असतो. तेथे निवड कोणा निर्मात्याच्या हाती नव्हती. ती वधूवरांच्या बापाच्या हाती होती.

आणि ती आजही आहे. माझ्या पुतण्याचे लग्न येत्या जानेवारीत ठरले आहे, म्हणून हे केवळ उपदेशाचे लिखाण राहिलेले नाही. आमच्या घरी ह्या विषयावर तीन बैठका झाल्या, तिसरी बरीच तापली. ठरले ते असे: आदल्या संध्याकाळी अंगणात एकही पेटी नाही, ध्वनिक्षेपकही नाही. चर्चपासून घरापर्यंत शेजारच्या गावचा बँड, पाच माणसांचा; तेवढेच उरले आहेत. मिस्सेला आमचाच गायकवृंद आणि त्याच्या पेटीमास्तरांना पाकीट, संकोच न करता. स्वागतसमारंभात डीजे असेल, कारण पुतण्याने तेवढे मागून घेतले. पण साडेआठ ते साडेनऊ, आणि आवाजाचा खटका माझ्या धाकट्या भावाच्या हाती. सूत्रसंचालकाला रजा. पुतण्याला हे सारे पटले आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या मित्रांना काय वाटेल, ही त्याची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. त्याच्या वयात मलाही होती.

गाण्यांसाठी माझी वहिनी वही-पेन घेऊन त्याच आजीकडे गेली. आजीने लिहून द्यायला नकार दिला. झेलणाऱ्या समोर नसतील तर ओळ येत नाही, असे तिचे म्हणणे. तेव्हा आता दर शनिवारी संध्याकाळी रोझरीनंतर आमच्या पडवीत सात-आठ जणी बसतात. त्यांत एक बँकेत अधिकारी आहे, दोन कॉलेजात शिकतात, आणि मागच्या जानेवारीत जिचे लग्न झाले ती नातही माहेरी आली की येते. आतापर्यंत चार गाणी बसली आहेत. पाचव्यात एका ओळीवर आजी अडते. ती ओळ तिच्या थोरल्या जावेला येत होती, असे ती सांगते. जाऊ जाऊन अकरा वर्षे झाली. बँडच्या म्होरक्याला परवा विसार द्यायला गेलो, तेव्हा त्याने पैसे न मोजता खिशात टाकले आणि एवढेच विचारले की जेवण कितीला असेल. मी सांगितले, पहिल्या पंक्तीला.